चटका बसला, पण कळलाच नाही!

मान दुखली की आपण ‘स्पॉण्डिलायटिस’ म्हणून मोकळे होतो. पण हाताला गरम-गारच कळेनासं झालं तर? सिरिंगोमायेलिया नावाच्या, बोलताना जीभ अडखळणाऱ्या एका आजाराची ही गोष्ट... व्हाया रत्नागिरी!

आत्ता तुमच्या डेस्कवर मशीनची कॉफी असेल तर एक छोटीशी टेस्ट करून बघा. कप आधी डाव्या हातात धरा, मग उजव्या. दोन्हीकडे सारखाच गरम लागला? मस्त. आता अशी कल्पना करा, की एका हाताला कप लागतोय, त्याचा गुळगुळीतपणा कळतोय, कडेची शिवणसुद्धा बोटाला जाणवतेय, पण तो गरम आहे हेच कळत नाहीये. स्पर्श आहे, चटका नाही. ऐकायला एखाद्या सुपरहीरोची पॉवर वाटेल. प्रत्यक्षात हा पाठीच्या कण्याच्या आत, मज्जारज्जूत काहीतरी बिनसल्याचा निरोप असू शकतो.

माझ्या मावसबहिणीला हा निरोप तव्यावर मिळाला. ती रत्नागिरीत एका बँकेत आहे, वय ३१. पावसाळ्यातला रविवार, घरात घावन्यांचा बेत. बिडाच्या तव्यावरचं घावन उलथन्याने न उलटता बोटांनीच झटकन उलटायची आमच्याकडच्या बायकांना खोड असते, तशी तिलाही. जळका वास आला म्हणून मावशी स्वयंपाकघरात डोकावली, तर हिच्या दोन बोटांवर टरटरून फोड आलेले आणि बाईसाहेब शांतपणे पुढचं पीठ ओतताहेत!

त्याआधीची दोन वर्षं मान आणि खांदे दुखतच होते. खोकला आला, जोरात हसू आलं की डोक्याच्या मागच्या बाजूला कळ जायची. एका डॉक्टरांनी स्पॉण्डिलायटिस म्हणून मानेला कॉलर दिली. घरच्यांचं निदान तयारच होतं, ‘दिवसभर कॉम्प्युटरसमोर मान वाकवून बसतेस, दुसरं काय होणार?’ मग मालीश, मग लेप, मग कुणीतरी सुचवलेलं तेल. नोटा मोजताना अंगठा साथ देईनासा झाला, कुर्त्याची बटणं लावायला वेळ लागायला लागला, तेव्हा तिने स्वतःच ‘वीकनेस असेल’ म्हणून टॉनिक आणलं. आपल्यातले निम्मे जण हेच करतील.

पण फोड बघून शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, ‘‘अंगावर कुठे पांढरे चट्टे नाहीत ना गो?’’

मावशी त्या रात्री झोपली नाही. प्रश्नाचा अर्थ तिला लगेच कळला होता. घरात स्थळं बघणं चालू होतं, एक तर जवळजवळ ठरत आलं होतं.

एका चट्ट्याचा प्रश्न

काकूंना दोष देऊन उपयोग नाही. न दुखणारी जखम, वाकडी होत जाणारी बोटं, तळहाताचे झिजलेले स्नायू म्हटल्यावर आपल्या राज्यात पिढ्यान् पिढ्या एकच शब्द आठवत आलाय - कुष्ठरोग. गंमत म्हणजे मोठमोठे डॉक्टरही याच दोन आजारांत गोंधळलेत.

फ्रान्समध्ये ब्रिटनी नावाचा समुद्राकाठचा मुलूख आहे. मासेमारी, पाऊस, खारा वारा... थोडक्यात, आपलं कोकणच. तिथल्या लानिलिस गावात ऑगस्तँ मोर्वां नावाचे डॉक्टर प्रॅक्टिस करायचे. नखुरडं झालेलं बोट कापताना पेशंटला जराही दुखत नाही, हे बघून ते चक्रावले. असे बरेच पेशंट जमवून त्यांनी १८८३ साली या प्रकारावर लिहिलं. मग वादाला तोंड फुटलं. इस्तंबूलच्या झांबाको पाशांचं म्हणणं होतं, की हा सरळसरळ कुष्ठरोग आहे. त्यातले बरेच पेशंट सिरिंगोमायेलियाचे असावेत हे नंतर मानलं गेलं. वाद मिटला तरी साम्य मिटलेलं नाही.

सुदैवाने ही शंका फेडायला भारी मशीन लागत नाही. मावसबहिणीला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा मी सोबत होते. त्यांनी काय केलं? कापसाचा बोळा, टाचणी, आणि दोन काचेच्या नळ्या, एकीत कोमट गरम पाणी, दुसरीत गार. डोळे मिटायला सांगितलं. कापूस कुठे लागला, ते तिने अचूक सांगितलं. टाचणी टोचली की नुसती टेकली, हे सांगता येईना. आणि नळ्यांच्या बाबतीत तर ती नुसते अंदाज ठोकत होती. हा प्रकार फक्त बोटांपुरता नव्हता. दोन्ही हात, खांदे, पाठीचा वरचा भाग, अंगावर शाल पांघरावी तसा!

कुष्ठरोगात बधिरपणा येतो तेव्हा चट्ट्यावरचा स्पर्शही जातो, कोपराजवळची वगैरे नस जाड झालेली हाताला लागते. इथे चट्टा नाही, जाड नस नाही आणि स्पर्श शाबूत. डॉक्टरांनी छोट्या रबरी हातोडीने कोपरावर, गुडघ्यावर ठोकून पाहिलं. हात ढिम्म, पाय मात्र नको इतके उडाले. ‘‘माझ्याकडचं काम नाही हे, न्यूरॉलॉजिस्टकडे जा,’’ म्हणून चिठ्ठी दिली. मावशीने तिथल्या तिथे हात जोडले. मला वाटतं, त्या क्षणी तिला कुठलाही दुसरा आजार चालला असता.

(माझं स्पष्ट मत - कुष्ठरोग असता तरी आभाळ कोसळलं नसतं. त्यावर औषधं आहेत, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि वेळेवर घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो. पण स्थळ आलेल्या घरात हे वाक्य उच्चारायची सोय नसते.)

खाडीच्या तोंडाशी गाळ

आंबा घाट उतरून... सॉरी, चढून, कोल्हापूरला एमआरआय झाला. रिपोर्टवर दोन शब्द होते, कियारी आणि सिरिंक्स. मी गूगल करायला बसले आणि पहिल्या तासात घाबरून बंद केलं. नंतर शांतपणे वाचलं, दोन न्यूरोसर्जनना भंडावून सोडलं, तेव्हा जे समजलं ते असं.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून कमरेपर्यंत जाणारी साधारण ४५ सेंटिमीटरची, करंगळीएवढ्या जाडीची केबल. मेंदू आणि ही केबल दोन्ही एका स्वच्छ पाण्यात तरंगत असतात. हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतं, पण शरीर दिवसभरात जवळपास अर्धा लिटर नवीन बनवतं आणि जुनं शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी हे पाणी कवटीतून मानेकडे आणि परत वर असं हलतं. ज्याने भाट्याच्या खाडीवर उभं राहून भरती-ओहोटी पाहिलीय, त्याला हे समजावून सांगायला नको.

आता खाडीच्या मुखाशीच गाळ साचला तर? कवटीच्या तळाला एक मोठं भोक असतं, तिथून मज्जारज्जू खाली उतरतो. काही लोकांत लहान मेंदूचं खालचं टोक या भोकातून मानेत घसरलेलं असतं. साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त घसरलं, की त्याला ‘कियारी-१’ म्हणतात. प्रागमध्ये काम करणाऱ्या हान्स कियारींनी १८९१ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. या बुचामुळे पाण्याची ये-जा अडते. अमेरिकेतल्या एडवर्ड ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडलेल्या म्हणण्यानुसार, ते घसरलेलं टोक प्रत्येक ठोक्याला पंपाच्या दट्ट्यासारखं खाली दाबतं, आणि त्या दाबाने पाणी मज्जारज्जूच्या आत शिरतं. तिथे हळूहळू एक लांबट पोकळी तयार होते. हाच सिरिंक्स. ग्रीक भाषेत सिरिंक्स म्हणजे नळी, बासरी. इंजेक्शनची सिरिंजही त्याच घरातली! फ्रेंच डॉक्टर ओलिव्हिए द’आंजे यांनी १८२७ च्या सुमारास हे नाव दिलं.

आणि आता लाखमोलाचा प्रश्न. चटकाच का जातो, स्पर्श का नाही? कारण दोघांचे रस्ते वेगळे. वेदना आणि गरम-गार यांचे निरोप घेऊन येणारे तंतू मज्जारज्जूत शिरले की मध्यभागातून पलीकडच्या बाजूला जातात. स्पर्शाचे बरेचसे तंतू मात्र मागच्या बाजूने सरळ वर निघून जातात. पोकळी वाढते ती मधूनच. त्यामुळे पहिला बळी जातो तो मधला क्रॉसिंगचा रस्ता. पुढे पोकळी रुंदावली की हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी दबतात आणि बटणं, नोटा, पेन अवघड होऊन बसतात. आणखी पुढे पायांत ताठरपणा, लघवीवरचा ताबा जाणं... मोठी यादी आहे, ती मी इथे देत नाही. घाबरवायचा हेतू नाहीये.

कियारी हे सगळ्यात नेहमीचं कारण, पण एकमेव नाही. मणक्याला मोठी इजा झाल्यावर कित्येक महिन्यांनी, कधी तर कित्येक वर्षांनी अशी पोकळी होऊ शकते. बाइकवरून पडलेल्या मित्राला ‘आता काय, बरा झालास’ म्हणताना हे लक्षात असू द्या. मज्जारज्जूतली गाठ हे एक कारण. आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असं आणखी एक, टीबीचा मेनिंजायटिस. तो बरा होताना आतली आवरणं चिकटतात आणि पाण्याची वाट अडते.

म्हणजे मलाही...?

थांबा! वाचता वाचता तुमचा हात मानेकडे गेलाय, मला माहितीये. सिरिंगोमायेलिया दुर्मीळ आहे. लॅपटॉपमुळे, माऊसमुळे किंवा लोकलमध्ये लटकल्यामुळे तो होत नाही. तुमची मान दुखतेय ती बहुतेक खुर्चीमुळेच. शिवाय हल्ली कशासाठीही एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये मज्जारज्जूच्या मधली बारीकशी रेघ सापडते. तिचा त्रास नसेल, कारण सापडत नसेल, तर बऱ्याचदा डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवतात.

पण काही खुणा मात्र अंगावर काढायच्या नाहीत. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना डोक्याच्या मागे कळ येणं. भाजलेलं न कळणं. एका हाताचा तळवा बारीक दिसायला लागणं. लहान मुलांत पाठीचा कणा एका बाजूला वाकणं. असं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि कृपा करून सलूनमध्ये ‘कडकट्’ आवाज करत मान मोडून घेऊ नका. मानेच्या वरच्या सांध्यात किंवा कवटीच्या तळाशी दोष असलेल्या माणसासाठी तो आवाज महागात पडू शकतो.

परळचा वेगळा विचार

सिरिंक्स विरघळवणारी गोळी नाही. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन, गाबापेण्टिनसारखी औषधं देतात, त्याने दुखणं कमी होतं, पोकळी नाही. त्रास वाढत असेल तर सर्जरी. आणि इथेच आमच्या घरात खरी धुमश्चक्री सुरू झाली.

जगभर बहुतेक ठिकाणी होणारं ऑपरेशन असं - कवटीच्या मागचा थोडा हाडाचा भाग आणि मानेच्या पहिल्या मणक्याची मागची कमान काढायची, बऱ्याचदा आतलं आवरण उघडून त्याला ठिगळ लावून मोठं करायचं. म्हणजे खाडीचं तोंडच रुंद करायचं. पाणी वाहतं झालं की पोकळी आपोआप आकसते, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. पोकळीत नळी घालून पाणी दुसरीकडे वळवायचा ‘शंट’ही असतो, पण तो बहुधा नंतरचा पर्याय. धोके? पाणी गळणं, इन्फेक्शन, आणि मानेतल्या ऑपरेशनचे असतील ते सगळे.

मुंबईच्या नातेवाइकांनी मात्र वेगळंच नाव पुढे केलं. डॉ. अतुल गोयल, परळच्या केईएम हॉस्पिटलच्या न्यूरोसर्जरी विभागाचे अनेक वर्षं प्रमुख. मानेचे पहिले दोन मणके स्क्रू आणि प्लेटने जोडायची त्यांनी १९८८ पासून वापरलेली पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली (ओल्डफील्डच्या दट्ट्याचंही तेच वर्ष, निव्वळ योगायोग!) आणि आज ‘गोयल टेक्निक’ म्हणून जगभरच्या सर्जनना माहीत आहे. १९२६ साली सुरू झालेल्या पालिकेच्या हॉस्पिटलमधून निघालेली ही गोष्ट. गिरणगावात राहून गेलेल्या कोकणी माणसाला याचा अभिमान वाटला तर नवल नाही. आमच्या मामाला तर एवढा वाटला, की बहिणीच्या स्कॅनपेक्षा त्याचंच बोलणं जास्त झालं.

पण गोयलांचं म्हणणं इथे थांबत नाही. ते म्हणतात, कियारी हा मुळात आजारच नाही, तो शरीराने केलेला बचाव आहे. पहिले दोन मणके आतून डळमळीत असतात, मज्जारज्जू चेंगरू नये म्हणून लहान मेंदू खाली सरकून गाडीतल्या एअरबॅगसारखं काम करतो. सिरिंक्सही शरीराचा बचावच असेल का, हा प्रश्न त्यांनी २००१ मध्येच विचारला होता. २०१५ साली त्यांनी कियारीच्या ६५ पेशंटचा अनुभव मांडला. हाडं कापून जागा न करता नुसते ते दोन मणके जोडले आणि पेशंट सुधारले, असा दावा. एक्स-रेमध्ये डळमळ दिसत नसली तरी ती असतेच, हे त्यातलं सगळ्यात धाडसी वाक्य.

जगातले बरेच न्यूरोसर्जन एवढं मानायला तयार नाहीत. सांधा उघड डळमळीत असेल, कवटीचा तळ मणक्यावर बसलेला असेल, तर जोडणी हवी याबद्दल फारसा वाद नाही. पण साध्या कियारीत सरसकट? दोन्ही पद्धतींची समोरासमोर नीट तुलना झाल्याशिवाय नको, असं त्यांचं म्हणणं. शिवाय मान डावी-उजवीकडे वळते त्यातला जवळपास निम्मा भाग याच सांध्यात होतो. तो जोडला की वळण्याची काही किंमत मोजावी लागते. स्कूटरवरून मागे वळून बघणाऱ्या माणसाला ती ताबडतोब समजेल.

मला विचाराल, तर दोन्ही बाजू वाचून मी पंच व्हायचं नाकारलं. पण एक गोष्ट ठामपणे वाटते. पेशंटने आपल्या सर्जनला हा प्रश्न थेट विचारावा, ‘माझा वरचा सांधा स्थिर आहे का, मान वाकवून-ताणून काढलेले फोटो पाहिलेत का?’ बहिणीने विचारला. सांधा स्थिर दिसला, आणि तिने रुंदीकरणाचं ऑपरेशन मुंबईत करून घेतलं.

गेलेलं आणि उरलेलं

आता दीड वर्ष झालं. खोकल्याची कळ पहिल्या महिन्यातच गेली. स्कॅनमध्ये पोकळी बारीक झालीय. बोटांना गरम-गार मात्र अजून कळत नाही, आणि कदाचित कळणारही नाही. हे आधी कुणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते - या ऑपरेशनचा मुख्य हेतू आहे ते टिकवणं हा असतो. दबून मेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून तर उशीर महाग.

एमआरआयच्या आधीच्या काळात हा आजार जिवंत माणसात नेमका पकडणंच कठीण होतं. गोल्फ खेळणाऱ्या तुमच्या बॉसला बॉबी जोन्स हे नाव माहीत असेल. १९३० साली एकाच वर्षात तेव्हाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून २८ व्या वर्षी निवृत्त झालेला हा अमेरिकन. १९४८ च्या सुमारास त्याचे हातपाय साथ सोडायला लागले, निदान १९५६ मध्ये झालं, शेवटची वर्षं व्हीलचेअरमध्ये गेली. १९७१ साली तो वारला. माझी बहीण गोल्फ खेळत नाही, पण कॅश काउण्टरवर परत बसते.

तिच्या घरात काही बदल झालेत. आंघोळीचं पाणी ती हाताने नाही, पायाने बघते, कारण पायाला गरम कळतं. घावनं उलथन्यानेच उलटतात. रोज रात्री हात दिव्याखाली धरून फोड, चिरा शोधते, जशी आपण मोबाइलची बॅटरी बघतो. जड घागर, सिलेंडर उचलणं बंद. पुढेमागे कुठलंही ऑपरेशन किंवा बाळंतपण असेल, तर पाठीत इंजेक्शन देण्याआधी भूलतज्ज्ञाला ही फाइल दाखवायची, असं सर्जनने तिला दोनदा बजावलंय.

खर्चाचं विचाराल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का हे दाखल होण्याआधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. डिस्चार्जच्या दिवशी आठवून उपयोग नाही. रत्नागिरीच्या माणसाला एमआरआयला घाट, ऑपरेशनला मुंबई, आणि प्रत्येक फॉलोअपला कोकणकन्येची रात्र. या हिशेबात तिकिटं, नातेवाइकांकडचा मुक्काम आणि बिनपगारी रजाही धरा.

राहिलं ते स्थळ. मुलाकडच्यांनी विचारलं, ‘आजार पुढच्या पिढीत जातो का?’ सर्जनचं उत्तर होतं, की काही मोजक्या कुटुंबांत एकापेक्षा जास्त जणांना कियारी आढळतो, पण बहुतेकांच्या घरात दुसरं कुणीच नसतं. मावशीने ते उत्तर जसंच्या तसं फोनवर कळवलं. तिकडून आठ दिवस काहीच आलं नाही. नवव्या दिवशी बहिणीनेच फोन करून नकार कळवला आणि संध्याकाळी मांडवीवर भेळ खायला गेली. पुढचा एमआरआय डिसेंबरात आहे, तिकिटं तिने स्वतः काढलीयेत.